भागीचं घोडं

आमच्या माळ्यावर एक काळी नळी आहे. साडेतीन फूट लांब, पट्टा तुटलेला, झाकणाला चिकटपट्टी. तिच्यात माझा थिसिस आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत ती एकदा खाली येते, घरातलं कुणीतरी "हिचं काय करायचं?" असं विचारतं, मी "राहू दे" म्हणते आणि नळी पुन्हा वर जाते. सत्यनारायणाचा चौरंग आणि पाहुण्यांची गादी यांच्या शेजारी तिची जागा आता कायम झाली आहे.

थिसिस म्हटलं की लोकांना पीएचडीचा जाडजूड ग्रंथ आठवतो. आमच्यात तसं नसतं. आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षी विद्यार्थ्याने एकट्याने कागदावर उभारलेली इमारत म्हणजे थिसिस. आधीची चार वर्षं मास्तर सांगतील ते काढायचं. बालवाडी, बंगला, बँक, वसतिगृह. पाचव्या वर्षी विषय आपला, जागा आपली आणि मोडायची ती झोपही आपलीच. १९७२च्या आर्किटेक्ट्स अॅक्टमुळे या देशात नोंदणी झाल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. त्या नोंदणीच्या वाटेवर शेवटचा नाका लागतो तो या थिसिसचा.

माझ्या थिसिसच्या अहवालात पहिल्याच पानावर एक प्रतिज्ञा आहे. 'सदर काम हे सर्वस्वी माझे स्वतःचे आहे.' खाली माझी झोकदार सही. धंद्यात पडल्यावर 'सोमवारी नक्की ड्रॉइंग देते' यासारखी पुष्कळ वाक्यं मी पुढे उच्चारली, पण सहीनिशी केलेलं पहिलं धडधडीत खोटं विधान हेच.

आता खरं सांगते. त्या शीटांवरची झाडं दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनी काढली होती. प्लॅनमधलं झाड म्हणजे स्टेन्सिलने काढलेलं एक वर्तुळ आणि त्याच्या आत असंख्य बारीक रेघा. अशी झाडं शेकड्यांनी लागतात, कारण डिझाइन जितकं कच्चं तितकी झाडं दाट. अक्षरं माझ्या रूममेटची, कारण माझं अक्षर पाहून मास्तरांनी एकदा "हे भूकंपानंतरचं आहे का?" असं विचारलं होतं. मॉडेल धाकट्या भावाने चिकटवलं आणि त्यात त्याच्या अंगठ्याची थोडी कातडीही कायमची चिकटली. चौथ्या मजल्यावरच्या एका निवृत्त इंजिनियर काकांनी माझा लाडका सज्जा पाहून "हा पडेल हो" इतकंच सांगितलं, म्हणून एक खांब आला. ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर शीटा मांडायची परीक्षा, सकाळी दहाला आणि अमोनिया प्रिंट काढणाऱ्या दुकानात मी रात्री दोनला उभी. डोळे चुरचुरत होते ते अमोनियाने की आणखी कशाने, ते आता आठवत नाही. त्या दुकानदाराने शेवटची शीट मशीनमध्ये घालता घालता म्हटलं, "मॅडम, नॉर्थ राहिला." साइट प्लॅनवर उत्तर दिशेचा बाण नव्हता! पाच वर्षं शिकून मी विसरले होते आणि पाच वर्षं नुसत्या प्रिंटा काढून त्याच्या लक्षात होतं. तिथेच काउंटरवर त्याच्याच पेनने मी उत्तर दिशा काढली.

मोजायला बसले तर चौदा माणसं निघाली. त्यात डबा पाठवणारी आई धरलेली नाही. ती धरली तर मी काय केलं, हाच प्रश्न उरेल.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका फोनचं. एका कॉलेजातल्या तरुण प्राध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, यंदा आम्ही एक प्रयोग करतोय. एकत्र थिसिस. आमची दोन मुलं, इंजिनियरिंग कॉलेजचा सिव्हिलचा एक मुलगा आणि दुसऱ्या विद्यापीठातली समाजकार्याची एक मुलगी. विषय आहे तालुक्याच्या गावातला एस.टी. स्टँड. तुम्ही बाहेरच्या परीक्षक म्हणून याल का?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर आजीचा आवाज कानात वाजला. "भागीचं घोडं किवणानं मेलं." भागीदारीत घेतलेल्या घोड्याच्या पाठीवर जखम झाली. प्रत्येक भागीदाराला वाटलं, दुसरा बघेल. सगळेच रपेट मारून आले, मलमपट्टी कुणीच केली नाही आणि ती जखम चिघळून घोडं गेलं. आजीने ही म्हण दोन घरांत मिळून घेतलेल्या शिवणयंत्रापासून ते सहकारी सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीपर्यंत सगळ्याला लावून पाहिली होती आणि दर वेळी ती चपखल बसली होती.

तरी जाण्यापूर्वी मी थोडा अभ्यास केला. परीक्षकालाही परीक्षेची भीती असतेच, फक्त तिला चहा-बिस्किटं मिळतात.

एकत्र शिकण्याचं हे खूळ नवं नाही. वाल्टर ग्रोपियसने १९१९ साली जर्मनीत वायमारला बाउहाउस काढलं, तेव्हा तिथल्या कार्यशाळांत एका वर्गाला दोन मास्तर ठेवले होते. एक आकार शिकवणारा कलावंत आणि दुसरा हात शिकवणारा कारागीर. एकाने सांगायचं हे सुंदर का आहे, दुसऱ्याने सांगायचं हे मोडेल कुठे. गंमत अशी की बाउहाउस या नावातच बांधकाम आहे आणि घरही आहे, पण तिथे स्वतंत्र वास्तुकला विभाग सुरू व्हायला १९२७ साल उजाडावं लागलं. आठ वर्षं सुतारकाम झालं, विणकाम झालं, धातूकाम झालं, रंगकाम झालं. लग्नघरात सगळे हजर आणि नवरदेव शेवटी, तसला हा प्रकार.

अमेरिकेत अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाचा 'रूरल स्टुडिओ' आहे. सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोघांनी १९९३ साली तो हेल काउंटी या गरीब ग्रामीण भागात सुरू केला. तिथे पाचव्या वर्षाची मुलं थिसिस काढत नाहीत, बांधतात. तेही टोळीने. मेसन्स बेंड नावाच्या वस्तीत चार विद्यार्थ्यांनी २००० साली एक छोटं सभागृह उभारलं. भिंती तिथल्याच मातीच्या आणि छपराला शेव्हरोले कॅप्रिस मोटारींच्या समोरच्या ८० काचा, भंगारातून आणलेल्या. हे वाचलं आणि मनात आलं की यांच्या थिसिसवर पाऊस पडतो. माझ्या थिसिसवर एकदाच पाणी पडलं, तेही माळ्याशेजारची टाकी गळाली तेव्हा.

आणि मग स्पर्धा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००२ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पहिली 'सोलर डेकॅथलॉन' भरवली. १४ विद्यापीठांच्या संघांनी नुसत्या उन्हावर चालणारी घरं तिथे प्रत्यक्ष उभी केली. डेकॅथलॉन म्हणजे दहा कसोट्या. घर दिसतं कसं हे झालंच, पण पाणी तापतं का, फ्रीज थंड राहतो का, हेही मोजायचं. पुढच्या स्पर्धांत तर टॉवेल धुऊन वाळवायचे, शेजारच्या संघांना जेवायला बोलवायचं आणि त्यांना घरी बसवून सिनेमा दाखवायचा, यालाही गुण होते. मला हा नियम फार आवडला. आमच्या वेळी असा नियम असता तर निम्म्या थिसिसांत टॉवेल वाळत घालायला जागा नाही हे ज्युरीतच उघड झालं असतं. आता ते घरमालकाला राहायला गेल्यावर कळतं.

या स्पर्धेच्या युरोपीय भावंडात, २०१४ साली व्हर्सायला, पहिल्यांदाच एक भारतीय संघ उतरला. नाव 'टीम शून्य'. आयआयटी मुंबईची मुलं आणि रचना संसदच्या अकॅडमी ऑफ आर्किटेक्चरची मुलं यांची ही मोट होती. मुंबईकराला यातलं खरं साहस लगेच कळेल. एक संस्था पवईला, दुसरी प्रभादेवीला. म्हणजे एक मध्य रेल्वेची, दुसरी पश्चिमेची. ज्यांची लाइन वेगळी त्यांची लग्नंसुद्धा या शहरात जमायला वेळ लागतो आणि इथे घर बांधायचं होतं! वर्षाला लागेल तेवढी वीज घराने स्वतःच तयार करावी, हिशेब शून्यावर यावा, ही कल्पना. लुई चौदावा, ज्याला सूर्यराजा म्हणत, त्याच्या गावात जाऊन आपल्या मुलांनी 'शून्य' नाव लावून सूर्याचा हिशेब मांडला. आरशांच्या महालाच्या मालकाला हे कितपत रुचलं असतं कोण जाणे.

इतकी तयारी करून मी पहिल्या ज्युरीला गेले, तर तिथे चौघं चार टोकांना बसली होती.

पहिली अडचण पंचांगाची. आर्किटेक्चरचं सबमिशन असेल तेव्हा सिव्हिलची परीक्षा, सिव्हिलला सुट्टी लागली की समाजकार्याचं क्षेत्रकार्य आणि तिघांना एकदम मोकळीक असेल तेव्हा गावाची जत्रा, म्हणून स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. मुहूर्त बघून देणारे गुरुजी लग्नाला मिळतात. दोन विद्यापीठांच्या वेळापत्रकांची पत्रिका जुळवून देणारा अजून कुणी भेटलेला नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. आर्किटेक्चरची मुलं मिलिमीटरमध्ये बोलत होती, सिव्हिलचा मुलगा किलोन्यूटनमध्ये, आणि समाजकार्याची मुलगी माणसांमध्ये. "इथे दीडशे येतील," ती म्हणाली. "दीडशे काय?" सिव्हिलने विचारलं. "बायका," ती म्हणाली. त्याने थोडा विचार केला आणि "म्हणजे चौरस मीटरला किती भार?" असं विचारलं. आकडा काढायचा म्हणजे त्याला बायका वजनानेच मोजाव्या लागणार होत्या. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचा अर्धा तास वहीत डोकं घालून बसला.

तिसरी अडचण शब्दांची, आणि ही मी स्वतः मांडी घालून ऐकली. 'सेक्शन' या शब्दावरून वीस मिनिटं वाद चालला होता. आर्किटेक्चरच्या मुलीला सेक्शन म्हणजे इमारत सुरीने कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र. सिव्हिलला सेक्शन म्हणजे लोखंडी तुळईचा छेद, किती रुंद आणि किती जाड. समाजकार्यवालीला सेक्शन म्हणजे समाजातला एक वर्ग, आणि तोही दुर्बल. "माझ्या रिपोर्टमधला वीकर सेक्शन आपण अजून दाखवलाच नाही," ती आर्किटेक्चरवाल्या मुलाला म्हणाली, तेव्हा सिव्हिलचा मुलगा घाबरून म्हणाला, "कुठे वीक आहे? मी तीनदा चेक केलंय!" 'फाउंडेशन'चं तर विचारूच नका. एकाला पाया, एकीला देणगी देणारी संस्था आणि मधल्या सुट्टीत आर्किटेक्चरची मुलगी पर्समध्ये शोधत होती ते तिसरंच.

मी घरी येऊन म्हटलं, आजी, घोडं जातंय बहुतेक.

दुसऱ्या ज्युरीला मात्र मॉडेल तयार होतं. सनबोर्डचं, पांढरंशुभ्र, एकास शंभर प्रमाणाचं. छप्पर म्हणजे एका बाजूने उचललेला पंख, खाली एका ओळीत बारीक खांब. आर्किटेक्चरच्या मुलाने कॉन्सेप्ट सांगितली, "गतीचा थांबलेला क्षण." परीक्षकांनी माना हलवल्या. ही मान हलवण्याची कला ज्युरीत बसून बसून येते. ती होकाराचीही असते, नकाराचीही असते आणि जेवणाची वेळ झाली याचीही असते.

तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आत आले. खाकी गणवेश, हातात स्टीलची बाटली. समाजकार्यवालीने बोलावलेले चालक काका. ड्युटी संपवून आले होते. मुलांनी मॉडेलशेजारी बारा सेंटिमीटरची एक लाल बस करून ठेवली होती, म्हणजे खऱ्या मापात बारा मीटर. ती नुसती शोभेला होती. काकांनी ती दोन बोटांनी उचलली, प्रवेशद्वारात ठेवली आणि हळूहळू आत ढकलू लागले. खोलीत एकदम शांतता पसरली. पाच वर्षांत त्या मॉडेलरूममध्ये कुणी मॉडेल चालवलं नव्हतं.

बस तिसऱ्या खांबापाशी अडकली. काकांनी ती मागे घेतली. आणि खोटं वाटेल, पण बारा सेंटिमीटरची बस मागे घेताना त्यांनी मान पूर्ण वळवून खांद्यावरून मागे पाहिलं.

"इथं रिव्हर्स घ्यायला लागंल," ते म्हणाले. "रिव्हर्स म्हणजे कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारणार. जागा धरायला पोरं मागनंच पळत येत्यात. आणि हा खांब..." त्यांनी त्या नाजूक सनबोर्डच्या खांबावर बोट ठेवलं. "हा दोन महिन्यांत जाणार. मी नाही घालवणार. पण कोणतरी घालवणार."

सिव्हिलच्या मुलाचा चेहरा बघवेना. त्या खांबाचा हिशेब करायला त्याचे तीन आठवडे गेले होते. खांब हलला की तुळई बदलते, तुळई बदलली की छपराचा पंख आखडतो आणि पंख आखडला की गतीचा क्षण खरोखरच थांबतो. तो आणि आर्किटेक्चरवाला, दोघं मॉडेलवर वाकले. "एक मीटर मागे घेतला तर?" "मग पुढची झेप वाढेल." "वाढू दे, किती वाढेल?" "थांब, काढतो." परीक्षक बसलेले आहेत हे दोघंही विसरले. विद्यार्थी परीक्षकांना विसरले की समजावं, काहीतरी सुरू झालं.

तेव्हा मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. चाळिशी ओलांडलेली बाई स्टँडबद्दल दुसरं काय विचारणार? "स्वच्छतागृह कुठे आहे?"

आर्किटेक्चरच्या मुलाने सिव्हिलकडे पाहिलं. सिव्हिलने आर्किटेक्चरच्या मुलीकडे पाहिलं. "सर्व्हिसेस त्याच्याकडे होत्या ना?" "प्लॅनिंग तुमचं होतं." "मला वाटलं तू देणार." "मला वाटलं तुम्ही धरलंय." पंखासारखं छप्पर, वेटिंग हॉल, उपाहारगृह, मासिकांचा स्टॉल, पार्सल ऑफिस, सगळं होतं. स्वच्छतागृह नव्हतं. चार हुशार मुलं, तीन कॉलेजं, दोन विद्यापीठं, आणि घोड्याच्या पाठीवरची जखम प्रत्येकाने दुसऱ्यासाठी ठेवलेली.

समाजकार्याची मुलगी तोवर गप्प होती. मग ती म्हणाली, "माझ्या रिपोर्टमध्ये सतराव्या पानापासून आहे." आवाज चढवला नाही, काही नाही. रिपोर्ट एक्केचाळीस पानांचा होता आणि बाकीच्या तिघांनी तो स्पायरल बाइंडिंग करून मॉडेलखाली उंचीसाठी ठेवला होता. आम्ही तो मॉडेल उचलून बाहेर काढला. सतराव्या पानावर लिहिलं होतं की त्या स्टँडवरून रोज प्रवास करणाऱ्या बायका निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. अठराव्या पानावर कारणं होती. पुढची पानं कुणी मोठ्याने वाचली नाहीत. चालक काकांनी बाटलीतलं पाणी प्यायला झाकण उघडलं होतं, ते तसंच लावून टाकलं.

मला इथे जरा थांबून आजीशी भांडायचं आहे. तिची म्हण चुकीची नव्हती, पण अर्धी होती. घोडं भागीचं होतं म्हणून मेलं नाही. प्रत्येकाने आपापला भाग ठरवून घेतला होता, म्हणून मेलं. एकाने पुढचे पाय घेतले, एकाने मागचे, एकाने शेपूट. पाठ कुणाच्या वाट्याला आली नाही, आणि जखम नेमकी पाठीवर होती. कामं वाटून घेतली की एकत्र काम झालं असं आपण धरून चालतो. खरं तर वाटून घेतल्यावर फटीत जे पडतं, ते कोण उचलतं यावर सगळं असतं. माझ्या थिसिसमधला नॉर्थ कुणाच्या वाट्याला होता? त्या दुकानदाराच्या तर नक्कीच नव्हता. प्रिंट काढायची, फुटावर पैसे घ्यायचे, एवढाच त्याचा भाग. त्याने तरीही शीट वाचली.

शेवटच्या ज्युरीला त्यांच्या भिंतीवर सव्वीस शीटा होत्या. पंचवीस प्लॉटरवरून आलेल्या, रेघ कशी सुईसारखी. एक मात्र हाताने काढलेली, पेन्सिलची, रेघा थोड्या थरथरत्या. स्वच्छतागृहाचा प्लॅन. कुणी काढलाय हे विचारावं लागलं नाही. दार असं उघडत होतं की फलाटावरून आतलं काही दिसू नये. दाराच्या आत पिशवी अडकवायला खुंटी. बेसिनशेजारी तान्हं मूल ठेवता येईल असा रुंद ओटा, त्याला कडेने उंचवटा, मूल घरंगळू नये म्हणून. राखणीला बसणाऱ्या बाईला बसायची जागा आणि तिच्या डोक्यावर पंखा. मी पस्तीसेक इमारती बांधल्या आहेत. त्यातल्या एकीतही राखणीच्या बाईला पंखा नाही.

"हे पुन्हा कॉम्प्युटरवर का नाही काढलंस?" दुसऱ्या परीक्षकांनी आर्किटेक्चरच्या मुलाला विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. "सर, काढत होतो. पण माझ्याकडून खुंटी राहून जायची. म्हणून नुसती स्केल लावून मापं बरोबर केली." सिव्हिलच्या मुलाने पाइपांचे उतार त्याच शीटवर लाल पेनाने काढले होते. आणि कोपऱ्यात, उत्तर दिशेचा बाण. मी आधी तोच पाहिला.

आता प्रश्न गुणांचा. हा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचंच घ्या. योर्न उत्सोन या डॅनिश आर्किटेक्टने १९५७ साली स्पर्धा जिंकली ती शिडांसारख्या छपरांच्या चित्रावर, आणि ती छपरं उभी कशी राहायची हे ओव्ह अरुपच्या इंजिनियरांना वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. १९६१च्या सुमारास उत्तर सापडलं की सगळी शिडं एकाच गोलाचे तुकडे मानावेत. सापडलं कुणाला, यावर दोन्ही बाजूंनी आपापला हक्क सांगितला. उत्सोन १९६६ साली काम सोडून गेला, १९७३ साली इमारत उघडली, आणि त्या गोलाचं श्रेय कुणाचं हा वाद दोघांनाही पुरून उरला. नारळ फोडून पाणी कुणी काढलं आणि खोबरं कुणाचं, असला हा वाद. एवढ्या मोठ्या माणसांचं हे, तर आमच्या चौघांचं काय?

प्रश्न आम्ही सोडवणारच नव्हतो, कारण तो आधीच छापून आला होता. परीक्षकांच्या फॉर्मवर 'विद्यार्थ्याचे नाव' असं लिहिलेलं आणि पुढे एक रेघ. एकच. मी ऑफिसातल्या लिपिकबाईंना विचारलं, "यावर चार नावं कशी लिहायची?" त्या अनुभवी होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मॅडम, एक नाव पुढे लिहा. बाकीची मागे."

"मागचं कुणी बघतं का?"

"तपासायला येतात ते नाही बघत," त्या म्हणाल्या. "पण मी बघते."

कॉलेजने शेवटी काय वाट काढली ती सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येकाचा वेगळा फॉर्म, वेगळा शेरा, दोन विद्यापीठांना दोन पाकिटं. पण परत येताना गाडीत माझ्या डोक्यात लिपिकबाईंचं वाक्य राहिलं. बाकीची मागे.

घरी आले, स्टूल घेतलं आणि दिवाळी नसताना नळी खाली काढली. चिकटपट्टी सुटता सुटेना. शीटा इतकी वर्षं गुंडाळून इतक्या हट्टी झाल्या होत्या की चार कोपऱ्यांवर तांदळाचा डबा, इस्त्री, मिक्सरचं भांडं आणि ज्ञानेश्वरी ठेवल्यावर कुठे सपाट झाल्या. पुढून सगळं ओळखीचं. माझं नाव, दोन इंची अक्षरांत, रूममेटच्या हातचं. इंजिनियर काकांचा खांब. काउंटरवर काढलेला, जरा वाकडा, नॉर्थ.

मग मी साइट प्लॅनचा मूळ ट्रेसिंग उलटा केला. इतक्या वर्षांत तो कधी उलटा केलाच नव्हता, कारण मागे काय असणार? मागे, खालच्या कोपऱ्यात, पुसट पेन्सिलीने लिहिलं होतं:

'झाडं २१२ झाली. उरलेली सकाळी. नदीकाठची मी काढलीयेत, ती जास्त चांगली आहेत. दोन वडापाव बाकी.'

खाली नाव नाही. त्या दोघींपैकी कुणी लिहिलं ते मला आठवेना. नदीकाठची झाडं चष्मा लावून नीट पाहिली. खरंच जास्त चांगली होती. बाकीच्यांत नुसत्या रेघा होत्या. नदीकाठच्या प्रत्येक झाडाला तिने एका बाजूने सावली दिली होती, आणि सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडत होत्या. म्हणजे तिने सूर्य कुठे आहे याचा विचार केला होता. शीटवर उत्तर दिशा नव्हती, पण तिच्या झाडांना ती ठाऊक होती.

दोन वडापाव दिले होते का, तेही आठवेना.

"काय गं, आज कशाला काढलीस?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "टाकायची का एकदाची?"

मी शीट गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "मला एकटीला नाही ठरवता येणार. विचारून सांगते."